पासकी लॅपटॉपवर चालते, मोबाईलवर क्यूआर दाखवतं. आता मोबाईलने मोबाईल कसा स्कॅन करू?

अर्धं_हळकुंड

मंडळी, कॉम्प्युटरमधलं जेवढं यायला हवं तेवढं आपल्याला येतं असा माझा समज होता, तो काल उतरला.

झालं असं की तीनेक आठवड्यांपूर्वी लॅपटॉपवर ईमेल उघडताना मध्येच एक चौकट आली, पासकी बनवा, पासवर्ड लक्षात ठेवायची कटकट नाही वगैरे वगैरे. मी घाईत होतो, म्हटलं हो म्हणून टाकू म्हणजे निदान ही चौकट तरी समोरून जाईल. हो केलं, लॅपटॉपने माझा रोजचा चार आकडी पिन मागितला, दिला, 'पासकी सेव्ह झाली' असं आलं आणि मी विसरून गेलो. तेव्हापासून लॅपटॉपवर मस्त चाललंय, पिन टाकला की आत.

काल फोनवर तेच खातं उघडायला गेलो. 'पासकी वापरून साइन इन करा' असं आलं, म्हटलं वा, आहे आपल्याकडे. दाबलं तर म्हणतं या डिव्हाइसवर पासकी नाही, दुसरं डिव्हाइस वापरा. ते दाबलं तर क्यूआर कोड! आता हा कोड फोनच्याच स्क्रीनवर, आणि स्कॅन करायचाय कशाने तर फोनने. खोटं कशाला बोलू, मी फोन आरशासमोर धरून सेल्फी कॅमेरा चालू करायचा प्रयत्न केला, मग लक्षात आलं की कॅमेरा उघडला की कोड जातो. मग लॅपटॉपचा कॅमेरा उघडून त्याच्यासमोर फोन धरला, त्यालाही काही कळलं नाही, नुसतं माझं तोंड दिसत होतं.

तर प्रश्न असे की ही पासकी आहे कुठे नेमकी? माझा आधीचा चौदा अक्षरी पासवर्ड गेला का? आणि सगळ्यात भीती वाटतेय ती म्हणजे तो चार आकडी पिनच आता माझा पासवर्ड झालाय का, कारण तसं असेल तर मी कुलूप काढून दोरी बांधल्यासारखं झालं ना. शिवाय बाबा मागे लागलेत की त्यांच्या फोनवर अशाच ठिकाणी त्यांनी अंगठा दिलाय, तो कंपनीकडे गेला का. जरा सोप्या भाषेत सांगा, मी नावाप्रमाणेच आहे.

शंकासुर

काही नाही हो, पासवर्डचंच नवीन नाव. लोकांना जरा सवय झाली की हे काहीतरी नवीन आणतात. डिलीट करा आणि सुखी व्हा.

रात्रपाळी

शंकासुर, नुसतं नाव बदललेलं नाहीये, कामच वेगळं आहे. हळकुंडराव, बसा जरा, लांबण लागणार आहे.

पासवर्ड म्हणजे असं गुपित जे तुम्हालाही माहीत आणि साइटलाही पडताळता येतं. तुम्ही दर वेळी ते टाइप करून पाठवता. म्हणजे ते वाटेत, खोट्या पानावर किंवा साइटच्या साठ्यातून, कुठूनही फुटू शकतं. पासकीत तुमचं मशीन एक जोडी बनवतं, एक भाग मशीनकडे राहतो आणि दुसरा साइटला देतात. साइटकडचा भाग म्हणजे कुलूप समजा, तुमच्याकडचा म्हणजे किल्ली. तुम्ही लॉगिन करायला गेलात की साइट एक ताजा, आधी कधी न वापरलेला आकडा पाठवते, तुमचं मशीन त्यावर किल्लीने सही करतं, साइट आपल्याकडच्या भागाने सही तपासते, संपलं. किल्ली स्वतः साइटकडे कधी जातच नाही. उद्या साइटचा सगळा डेटा चोरीला गेला तरी चोराला मिळतात नुसती कुलपं, ती घेऊन तो काय करणार. कल्पना जुनी आहे बरं का, डिफी आणि हेलमन या दोन संशोधकांचा किल्ल्यांच्या जोडीवरचा पेपर १९७६ चा. ब्राउझरमध्ये हे बसवायचं वेबऑथन नावाचं स्टँडर्ड मार्च २०१९ ला पक्कं झालं, आणि मे २०२२ मध्ये अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनी मिळून आम्ही हे सगळीकडे आणणार असं जाहीर केलं. त्यानंतर पासकी हा शब्द तुमच्या आमच्या स्क्रीनवर दिसायला लागला.

आता तुमचा पिन. तो साइटला माहीतच नाही. तो फक्त तुमच्या लॅपटॉपला सांगतो की हा माणूस मालक आहे, किल्ली वापरू दे. जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणाला तुमचा पिन कळला तरी त्याच्याकडे तुमचा लॅपटॉप नाही, म्हणजे काहीच नाही. आणि लॅपटॉप हातात असला तरी दहा हजार वेळा आकडे मारून बघता येत नाहीत, काही चुकांनंतर मशीन अडवतं, त्यासाठी आत वेगळी चिप असते. दोरी वगैरे बांधलेली नाही तुम्ही. पण उलटी बाजू ऐका, ज्याच्या हातात तुमचा लॅपटॉप आहे आणि ज्याला तुमचा पिन माहीत आहे त्याच्यासाठी तुमचा ईमेल उघडाच आहे. घरात सगळ्यांना माहीत असेल, किंवा १२३४ असेल, तर आज बदला. विंडोजमध्ये पिन चारच आकडी असावा असं काही नाही, लांब करता येतो, अक्षरंही घालता येतात, सेटिंगमध्ये टिक करायची जागा आहे.

पासवर्ड गेलेला नाही. तुम्ही मुद्दाम काढला नसेल तर बहुतेक ठिकाणी तो तसाच असतो, पासकी हा शेजारी काढलेला दुसरा दरवाजा.

आणि मुख्य मुद्दा, ती आहे कुठे. सगळा घोळ इथेच होतो कारण चौकट 'सेव्ह झाली' म्हणते पण कुठे ते बारीक अक्षरात असतं आणि आपण वाचत नाही. तुमचं वर्णन ऐकून ती विंडोज हॅलोमध्ये (पिन, चेहरा किंवा बोटाने मालक ओळखायची विंडोजची सोय) 'या डिव्हाइसवर' अशी गेलेली दिसतेय, म्हणजे ती त्या लॅपटॉपपुरती. फोनला तिचा पत्ताच नाही. गूगल पासवर्ड मॅनेजर किंवा अ‍ॅपलचं आयक्लाउड कीचेन, म्हणजे पासवर्ड सांभाळणाऱ्या तिजोऱ्या, त्यात सेव्ह केली असती तर त्याच खात्याने जोडलेल्या तुमच्या दुसऱ्या मशीनवर आपोआप दिसली असती. बिटवॉर्डन, वनपासवर्ड अशा दुसऱ्या तिजोऱ्यांतही ठेवता येते. तिसरा प्रकार म्हणजे यूएसबीची छोटी चावी, ती ज्या खिशात त्या खिशात पासकी.

क्यूआरचं कारण आता कळेल. तो उलट्या प्रसंगासाठी आहे. किल्ली फोनमध्ये आहे आणि लॉगिन करायचंय कॉम्प्युटरवर, मग कॉम्प्युटर कोड दाखवतो, फोन स्कॅन करतो, फोनवर अंगठा दिला की कॉम्प्युटरवर खातं उघडतं. किल्ली द्यायचं काम फोन किंवा टॅबलेट करतो, तुमच्या लॅपटॉपला ते जमत नाही, त्याने तुमचं तोंड दाखवलं हेच खूप झालं.

रात्रपाळी

हां आणि करायचं काय ते राहिलंच. फोनवर 'दुसऱ्या पद्धतीने प्रयत्न करा' असं कुठेतरी खाली बारीक असेल, ते दाबा, जुना पासवर्ड टाका, जो काही दुसरा टप्पा असेल तो करा, आत जा. मग खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये पासकी शोधून फोनवर वेगळी पासकी बनवा. लॅपटॉपवरची तशीच राहू द्या, एका खात्याला एकाहून जास्त चालतात.

मी_फक्त_वाचते

एरवी मी फक्त वाचते पण आज लिहिते, कारण हे माझ्याकडून झालंय आणि वर कोणी सांगितलं नाही.

आईचा मेल माझ्या फोनवर उघडलेला होता, तिला काहीतरी फॉर्म भरून द्यायचा होता म्हणून. पासकी बनवू का असं आलं, मला वाटलं आईचं खातं आहे तर आईचीच बनेल, बनवली. ती बनली आईच्याच खात्याची, पण सेव्ह झाली माझ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये. आता आई तिच्या फोनवरून गेली की तिला म्हणणार पासकी नाही, आणि माझ्या फोनवर मात्र माझ्या अंगठ्याने आईचा मेल टुणकन उघडणार. आईने शांतपणे विचारलं, तू माझा मेल स्वतःच्या नावावर करून घेतलास का गं. काय सांगू तिला.

मग मी शहाणपणा करून माझ्या फोनमधली ती पासकी डिलीट केली, म्हटलं आता सगळं पूर्ववत होईल. तर नाही! ती साइट अजून पासकीच मागतेय. कारण मी किल्ली फेकली पण कुलूप साइटवर लटकलेलंच होतं, साइटला काय माहीत मी किल्ली फेकली ते. ते वेगळं खात्यात जाऊन काढावं लागतं. उलटं पण होतं, साइटवरून काढली आणि फोनमध्ये राहिली तर फोन बिचारा उत्साहाने ती पुढे करत राहतो आणि साइट म्हणते ही ओळखत नाही. म्हणून काढायची असेल तर दोन्हीकडून काढा, आणि आधी खात्यात आत आहात ना ते बघून साइटवरची काढा, मग फोनमधली. मी उलटं केलं आणि आईचा पासवर्ड ना तिला आठवत होता ना मला, शेवटी रिकव्हरी ईमेलवरून आत गेलो. अर्धा रविवार गेला.

अर्धं_हळकुंड

रात्रपाळी, लाखमोलाचं काम केलंत. आत गेलो, पासवर्ड तोच आहे, आठवलाही पहिल्या फटक्यात. (म्हणजे तिसऱ्या.)

पासकीच्या यादीत मात्र गंमत आहे. अनेकवचन पासक्या करायचं का? तर पासक्या दोन दिसतायत. एकीपुढे विंडोज हॅलो लिहिलंय, शेवटचा वापर काल. दुसरीपुढे फक्त ब्राउझरचं नाव आणि मागच्या वर्षीची तारीख, कधीच वापरलेली नाही असं. ही मी बनवलेली मला तरी आठवत नाही. कोणी घुसलंय का? हात थरथरतोय हो, काढून टाकू?

रात्रपाळी

थांबा, थरथरत्या हाताने काही काढू नका. मागच्या वर्षी फोन बदललात का? किंवा अशीच घाईत एखादी चौकट घालवलीत का? बहुधा तेच असतं. आधी त्याच सुरक्षा पानावर कोणकोणत्या डिव्हाइसवर खातं उघडं आहे ती यादी बघा, अनोळखी काही असेल तर तिथून बाहेर काढा आणि पासवर्डही बदला. ते स्वच्छ असेल तर फोनवर नवीन पासकी बनवा, एकदा बाहेर पडून तिनेच आत येऊन दाखवा स्वतःला, आणि मगच ती जुनी काढा. नावं बदलता येत असतील तर 'घरचा लॅपटॉप', 'काळा फोन' अशी ठेवा, सहा महिन्यांनी तुम्हीच दुवा द्याल.

अर्धं_हळकुंड

जुना फोन! बरोबर. तो मी भाच्याला दिलाय. रीसेट करून दिला होता, नक्की.

शंकासुर

बरं, मी वर जे बोललो ते मागे घेतो, पण अर्धंच. माझा मूळ प्रश्न कोणी घेतच नाहीये. फोन हरवला, पाण्यात पडला, की सगळीकडून बाहेर ना? पासवर्ड निदान डोक्यात तरी राहतो. सगळा संसार एका फोनवर टाकायचा म्हणजे काय शहाणपण आहे मला कळत नाही. आणि ओटीपी आहे की, तो काय वाईट आहे.

रात्रपाळी

प्रश्न रास्त आहे. पासकी फक्त त्या एका मशीनमध्ये असेल आणि दुसरा कुठलाच मार्ग ठेवला नसेल तर खरंच अडचण आहे. पण गूगल किंवा अ‍ॅपलच्या मॅनेजरमध्ये असेल तर नवीन फोनवर त्या खात्याने आत गेलात, जुन्या फोनचा स्क्रीन लॉक किंवा मॅनेजरचा पिन दिलात, की सगळ्या पासक्या परत येतात. (हळकुंडरावांचं अनेकवचन मी उचललं.) म्हणजे प्रश्न उरतो त्या एका मुख्य खात्याचा. त्याची सोय डोळ्यांत तेल घालून करायची, दोन वेगळ्या मशीनवर पासकी, रिकव्हरी नंबर आणि ईमेल चालू असलेलेच, आणि बॅकअप कोड (फोन नसताना आत जायला खात्यातून आधीच काढून ठेवायचे कोड) कागदावर, फोनमधल्या फोटोत नाही. फोटो फोनबरोबरच जाणार ना.

ओटीपीचं म्हणाल तर तो पासवर्डपेक्षा बरा, पण तो तुम्ही वाचता आणि टाइप करता, म्हणजे तुम्हाला फसवून घेता येतो. खोटं पान हुबेहूब खऱ्यासारखं असतं, तुम्ही पासवर्ड टाकता, मागे बसलेला त्याच क्षणी तो खऱ्या साइटवर टाकतो, तुम्हाला खरा ओटीपी येतो, तुम्ही तो खोट्या पानावर टाकता, तो आत. पासकीत हे जमत नाही कारण ती साइटच्या पत्त्याला बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर ब्राउझर ती पासकी पुढेच करत नाही. तुमचे डोळे फसतील, ब्राउझर अक्षरं जुळवतो, त्याला पान किती सुंदर आहे त्याच्याशी घेणं नाही. आणि क्यूआरवाल्या प्रकारात ब्लूटूथ लागतं तेही याचसाठी, फोन आणि कॉम्प्युटर खरंच शेजारी आहेत ना ते बघायला. पेअर करायची गरज नसते, दोन्हीकडे चालू असलं की झालं, आणि दोन्हीकडे इंटरनेट हवं. पुष्कळ लोकांचं क्यूआर 'चालत नाही' त्याचं कारण निव्वळ ब्लूटूथ बंद, एवढंच.

खिळेठोक

रात्रपाळींनी सगळं बरोबर लिहिलं, पण एक खिळा राहिला. पासकी लावली आणि जुना पासवर्ड तसाच ठेवला तर चोराला पासकी फोडायची गरजच काय? तो खोट्या पानावर लिहिणार, 'पासकीमध्ये तांत्रिक अडचण आहे, कृपया पासवर्ड टाका', आणि आपण निमूट टाकणार, कारण खऱ्या साइटवरही तशी अडचण चारदा आलेली असते. पुढचा दरवाजा लोखंडी आणि मागचा पत्र्याचा. म्हणून सवय अशी लावा की जिथे पासकी चालायची तिथे अचानक पासवर्ड मागितला तर हात थांबला पाहिजे, आधी वरचा पत्ता वाचायचा. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून नवीन खाती मुळात पासवर्डशिवायच काढायला सुरुवात केली ती यासाठीच. जुन्या खात्यात पासवर्ड काढून टाकायची सोय दिसली तर लगेच उडी मारू नका, दोन पासक्या आणि रिकव्हरी हातात असतील तरच.

यूएसबी चावीवाल्यांसाठी, मी ती वापरतो. एकदम पक्की, पण जागा मोजकी. युबिकी ५ या चावीला जुन्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) २५ पासक्या बसायच्या, ५.७ पासून १०० बसतात. आणि तिचा पिन लागोपाठ आठ वेळा चुकलात तर ती लॉक होते, रीसेट केल्याशिवाय चालत नाही आणि रीसेट म्हणजे आतल्या सगळ्या पासक्या पुसल्या. घ्यायच्या तर दोन घ्या, एक नोंदवून कपाटात. एकच घेऊन फिरणाऱ्या माणसाबद्दल मी काही बोलत नाही, तो मीच होतो.

मी_फक्त_वाचते

अजून एक, ऑफिसच्या किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पासकी बनवू का असं विचारलं तर नाही म्हणा. तिथे लॉगिन करायचं असेल तर तो क्यूआर फोनने स्कॅन करा, काम झालं की बाहेर पडा, मागे किल्ली राहत नाही. आणि फोनमध्ये घरातल्या चौघांची बोटं नोंदवलेली असतील तर पासकीला कोणाचंही बोट चालतं, तिला तुमचंच हवं असं नाही. आमच्याकडे आईच्या फोनवर भावाचं बोट होतं, गेम खेळायला म्हणून लावलेलं. काढलं. दोन दिवस रुसला होता.

शंकासुर

ठीक, मुख्य मेलला लावली. अजून विश्वास बसलेला नाही, पण लावली. बॅकअप कोड प्रिंट केले आणि आता ते कुठे ठेवले ते आठवावं लागेल.

अर्धं_हळकुंड

अपडेट देतो. डिव्हाइसच्या यादीत अनोळखी काही नाही. फोनवर पासकी बनवली, बाहेर पडून परत आत आलो, दीड सेकंद लागला. मग उगाच लॅपटॉपवर बाहेर पडून मुद्दाम क्यूआरवाला मार्ग लावून बघितला, फोनने स्कॅन केलं, आधी नाहीच झालं, ब्लूटूथ बंद! चालू केलं आणि झालं. जुन्या फोनवाली काढली, लॅपटॉपचा पिनही बदलला, जुना काय होता ते आता सांगायला हरकत नाही पण लाज वाटतेय.

बाबांना समजावलं की अंगठा कुठेही जात नाही, तो फोनमध्येच तपासला जातो आणि फोन नुसतं हो म्हणतो, मग आतली किल्ली सही करते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे अंगठा माझा आणि सही फोनची. मी म्हटलं हो. तर म्हणे, आयुष्यभर तुला शिकवलं की अंगठाबहाद्दर राहू नकोस, सही करायला शीक, आणि आता तू मला उलटं शिकवतोयस.